नमस्काऱ्या

लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असं म्हणणारे जगात पुष्कळ. चोपड्याच्या कॉलेजातला जीवराम मात्र लाथ मारायचा तिथे नमस्कार करायचा.

आता नमस्कार करणं ही काही वाईट गोष्ट नव्हे. आपला पाय चुकून कुणाला लागला तर वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला न्यायचा, हे आपल्याकडे पोराला धड बोलता येत नाही तेव्हापासून शिकवतात. एसटीत लागला, पंगतीत लागला, झोपेत शेजारच्याला लागला, तरी हात आपोआप जातो. पण जीवराम होता फुटबॉलच्या टीममध्ये, आणि त्यातही स्टॉपर. समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन आला की त्याला आडवा पाय घालायचा, हेच त्याचं काम. तिथे पाय लागणारच. नाही लागला तर तो स्टॉपर कसला? आणि लागला की हा गडी बॉल तसाच सोडून वाकायचा.

साल एक्क्याण्णव. खानदेशाला पुण्यापासून वेगळं, स्वतःचं विद्यापीठ मिळून वर्ष झालं होतं. कॉलेजा-कॉलेजांच्या फुटबॉलची ढाल आता पुणेवाले नेणार नव्हते, ती जळगाव-धुळ्यातच कुणाच्या तरी कपाटात जाणार होती. त्यामुळे ज्या कॉलेजांना बॉलमध्ये हवा भरायची आठवण नव्हती, त्यांनीही त्या वर्षी टीम उभ्या केल्या.

चोपड्याची टीम म्हणजे बहुतेक केळीवाल्यांची पोरं. घड वाहून वाहून खांदे रुंद झालेली, धावायला दणकट, पण बॉल पायात आला की गोंधळणारी. एकटा गोलकीपर तेवढा वेगळा. प्रकाशचंद. बाजारपेठेतल्या मिश्रीलालजींच्या कापड दुकानाचा धाकटा मालक. कुणाला काही फुकट द्यायचं नाही हे घरचं वळण त्याने गोलातही लावलं होतं. त्याच्या हाताला लागलेला बॉल परत मिळवणं म्हणजे फाडलेलं कापड दुकानात परत करण्याइतकं अवघड.

या सगळ्यांना शिकवायला बोरसे सर. उंच, ताठ, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. तरुणपणी मुंबईत एका गिरणीच्या टीमकडून खेळलेले. मैदानावर अहिराणी बोलायची नाही, ही त्यांची पहिली अट. ‘‘शे शे काय करता? आहे म्हणा, आहे! समोरची टीम हसते,’’ असं ते दरडावायचे. स्वतः सर कुठल्या गावचे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते होऊही दिलं नव्हतं.

पहिली मॅच धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजशी. पांझरा नदीच्या पलीकडे त्यांचं मैदान, आणि मैदानाभोवती सायकली लावून उभी राहिलेली हीऽ गर्दी. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हेमकांत. केस मागे वळवलेले, मोजे घोट्यापर्यंत उतरवलेले, चेहऱ्यावर गावजावयाचा रुबाब. सुरुवातीलाच तो बॉल घेऊन आला. जीवरामने नेमका पाय घातला, बॉल काढला, सगळं चोख केलं. फक्त बुटाचं टोक हेमकांतच्या नडगीला लागलं.

जीवराम वाकला. नडगीला हात लावला, हात छातीला नेला.

हेमकांत क्षणभर बघतच राहिला. मग बाजूला सुटा पडलेला बॉल त्याने घेतला आणि गोलात मारला.

हेमकांत काही वाईट पोरगा नव्हता, पण डोक्याने तल्लख. पुढच्या खेपेला त्याने मुद्दामच पाय पुढे ठेवला. जीवरामचा बूट लागला, जीवराम वाकला, हेमकांत निघून गेला. दुसरा गोल. तोवर गर्दीलाही खेळ कळला होता. हेमकांतच्या पायात बॉल आला की ‘‘पाया पड! पाया पड!’’ असा गजर सुरू होई. केळीची सालं मैदानात आली. केळी चोपड्याचीच असणार, दुसरी कुठली? जीवरामला सगळं ऐकू येत होतं, कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या, आणि तरीही पाय लागला की कंबर आपली वाकत होती. मॅच संपेपर्यंत त्याचं बारसंही झालं. नमस्काऱ्या!

धुळ्याच्या स्टँडवर चोपड्याच्या गाडीची वाट बघताना बोरसे सर त्याच्यासमोर उभे राहिले.

‘‘जीवराम, तू मॅचला आला होतास की मांडवात?’’

‘‘सर, हात आपोआप जातो.’’

‘‘आपोआप जाणारा हात बांधून ठेव. पुढच्या मॅचला एकदा जरी वाकलास तर जर्सी काढून घेईन. नमस्कार ठेव, नाहीतर जर्सी ठेव. दोन्ही मिळणार नाही.’’

टीमची पोरं खाली बघत होती. सरांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, हीच तर अडचण होती.

जर्सी जाणं जीवरामला परवडणारं नव्हतं. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा. मास्तर हजेरी घेत तेव्हाच त्याचं नाव उच्चारलं जाई. तासन्‌तास कशावर बोलणं चाललंय ते त्याला कळत नसे, आणि कळत नाही हे विचारायची लाज वाटे. मैदानावर पाऊल ठेवलं की मात्र तो कुणीतरी होई. पाठीवर पाचचा आकडा असे, पोरं ‘‘जीवराम, मागे बघ!’’ म्हणून ओरडत, आणि त्याच्या मागे कुणी जाऊ शकत नसे. ती जर्सी गेली तर कॉलेजात जीवराम म्हणून काही शिल्लकच राहणार नव्हतं. आणि नमस्कार गेला तर? त्याचा विचार त्याने तेव्हा केला नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला दोन्हीकडचा विचार एकदम सुचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून खोड मोडायचा कारखाना सुरू झाला. प्रकाशचंदने दुकानातून कापडाची एक लांब पट्टी आणली आणि सरावाच्या वेळी जीवरामचे दोन्ही हात मागे बांधले. पोरं आळीपाळीने त्याला नडग्या द्यायची. पाय लागला की तो हात सोडवायला धडपडायचा आणि तोंडावर पडायचा. काळ्या मातीने नाक भरलं, ओठ फुटले. जित्याची खोड, ती अशी सहज थोडीच जाते? पण पोरगा हट्टाचा होता. पंधरवड्यात पट्टी काढली तरी हात खाली जाईनासे झाले.

अमळनेरच्या मॅचला तो एकदाही वाकला नाही. मॅच बरोबरीत सुटली. शिरपूरला त्याने समोरच्या फॉरवर्डला असा आडवा पाय घातला की तो पोरगा कळवळून बसलाच. जीवरामने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, बॉल घेऊन सरळ पुढे गेला. त्या दिवशी चोपडा जिंकलं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘आता झालास तू खेळाडू.’’

ती थाप अंगावर घेऊनच तो संध्याकाळी सायकलने गावी आला. अंगणात आई, सुगंधाबाई, ज्वारी पाखडत बसली होती. जीवरामला भूक लागली होती, तो झपाझपा चालत आला, आणि त्याचा पाय सुपाला लागला. सूप कलंडलं, ज्वारी सांडली. जीवराम तसाच ओट्यावर चढला.

‘‘जीवराम!’’

तो वळला. आई सांडलेल्या ज्वारीकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

‘‘सुपले पाय लागना ना रे तुन्हा?’’

सूप म्हणजे लक्ष्मी. त्याला पाय लागला तर वाकावं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जीवरामने आपल्या हातांकडे पाहिलं. ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. हात खाली गेले नाहीत याचंच त्याला भय वाटलं. तो परत खाली आला, सुपाला हात लावून छातीला लावला, आणि तिथेच ज्वारी वेचत बसला. वेचता वेचता त्याने आईला सगळं सांगितलं. धुळ्याची गर्दी, सालं, पट्टी, सरांची अट.

सुगंधाबाई कधी चोपड्याच्या बाजारापलीकडे गेलेली नव्हती. फुटबॉल म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पण लेकाचं कुठे दुखतंय ते कळायला फुटबॉल यावा लागत नाही.

‘‘तुन्हा सर काय म्हनस? खेयमा वाकू नको?’’

‘‘हां.’’

‘‘मंग नको वाकू. खेय सरना का मंग कर. बठ्ठास्ले एकदाव. देव काय घड्याय लिसन बठेल शे का?’’

जीवराम तिच्याकडे बघतच राहिला. इतकं सोपं! देव कुठे घड्याळ घेऊन बसलाय? खेळ चालू असताना वाकायचं नाही. खेळ संपला की ज्यांना ज्यांना पाय लागला त्या सगळ्यांना एकदम नमस्कार. कुणाला लागला, कुणाला नाही, हे गडबडीत कुठे लक्षात राहतं? म्हणून बठ्ठास्ले. तो हसला. आई हसली नाही. ‘‘पन ईसरू नको,’’ एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

पुढच्या मॅचला यावलची टीम चोपड्याला आली होती. शेवटची शिट्टी झाली, आणि जीवराम यावलच्या पोरांकडे चालत निघाला. बॅकपासून सुरुवात केली. पायाला हात, हात छातीला, पुढचा. पायाला हात, हात छातीला, पुढचा. पहिल्या पोराला वाटलं हा मारायला आला, तो चार पावलं पळाला. रेफरी शिट्टी वाजवत धावत आला. काय चाललंय ते कळल्यावर यावलची पोरं पोट धरून हसली. चोपड्याची पोरं लाजेने मेली. प्रकाशचंद तर गोलाच्या खांबामागे जाऊन उभा राहिला.

‘‘हे काय नवीन नाटक?’’ सर कडाडले.

‘‘खेळात वाकलो नाही, सर. खेळ संपला.’’

‘‘लोक आपल्याला हसतात, जीवराम.’’

‘‘जिंकलोय सर. हसू द्या.’’

आणि खरंच चोपडा दोन गोलांनी जिंकलं होतं. मग जळगावला जिंकलं, अमळनेरला परत जाऊन जिंकलं. दर मॅचनंतर जीवराम नमस्काराची फेरी काढायचा आणि सर तोंड फिरवून पाणी प्यायचे. दुभत्या गाईच्या लाथा गोड. इथे तर लाथेमागून नमस्कारही येत होता, तेवढा त्यांनी चालवून घेतला. आणि गंमत अशी की हसणंही हळूहळू कमी होत गेलं. जळगावच्या एका दाढीवाल्या बॅकने जीवरामचा हात धरला आणि म्हणाला, ‘‘अरे भो, मन्हा बी लागना व्हता तुले,’’ आणि त्यानेही वाकून हात लावला. ते पाहून प्रकाशचंद खांबाआडून बाहेर आला. त्याने कुणाला नमस्कार केला नाही, पण तेव्हापासून जीवरामची फेरी होईपर्यंत तो त्याचा टॉवेल धरून उभा राहायला लागला.

साखळी सामने संपले तेव्हा वर नाव होतं देवपूरचं, आणि दुसरं चोपड्याचं. ढालीसाठी अंतिम सामना. पुन्हा धुळे, पुन्हा तेच मैदान, पुन्हा हेमकांत.

मार्गशीर्षातली थंडी होती, तरी गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. चोपड्याची टीम मैदानात उतरली तसा गजर उठला. ‘‘नमस्काऱ्या आला रे!’’ जीवरामने ऐकलं आणि मोजे वर ओढले. त्याला राग आला होता आणि तो राग त्याला आवडतही होता. म्हणा काय म्हणायचं ते, नाव तर पाठ झालंय तुम्हाला!

हेमकांत पहिल्याच खेपेला जुनी युक्ती घेऊन आला. पाय पुढे ठेवला, बूट लागू दिला, आणि थांबला. जीवराम वाकला नाही. बॉल काढून त्याने लांब मारला. हेमकांतला वाटलं, चुकून झालं असेल. पुन्हा तेच केलं. पुन्हा जीवराम ताठ. पण खोड काय फक्त जीवरामलाच होती? हेमकांतलाही लागली होती. पाय लागला की तो क्षणभर थांबून जीवरामच्या कंबरेकडे बघायचा, ही वाकते का म्हणून. मॅच अशीच चालली, आणि हाफ टाइमच्या जरा आधी देवपूरच्या दुसऱ्याच एका पोराने लांबून मारलेला बॉल प्रकाशचंदच्या बोटांना चाटून आत गेला. एक शून्य.

हाफ टाइमला पोरं कोंडाळं करून जमिनीवर बसली. जीवराम बुटाची नाडी बांधत होता. बोरसे सर त्याच्यासमोर उकिडवे बसले. डोळे चमकत होते.

‘‘पाहिलंस? तो थांबतो. तू वाकशील म्हणून थांबतो. आता काय करायचं ऐक. पाय लागला की वाकल्यासारखं कर. वाकायचं नाही, नुसतं वाकल्यासारखं. हात नडगीपर्यंत ने. तुला वाकलेलं पाहिलं की तो बेसावध धावत सुटेल, आणि तू त्याच्या पायातून बॉल काढशील. पुढे सगळं मैदान मोकळं. ढाल आपली!’’

पोरांचे चेहरे उजळले. युक्ती होतीच तशी. लोटन नावाचा फॉरवर्ड तर टाळी द्यायला हात पुढे करून बसला.

जीवरामने नाडीची गाठ मारली.

‘‘नाही सर.’’

‘‘काय नाही?’’

‘‘खोटा नमस्कार नाही होणार.’’

‘‘अरे, हा खेळ आहे!’’

‘‘खेळात वाकू नको म्हणालात. नाही वाकलो. नाकात माती जाईस्तोवर शिकलो. आता तोच नमस्कार खोटा करायला सांगता. बॉल कसाही काढतो, सर. लाथा घालून काढतो. हे नाही करणार.’’

‘‘देव बघतोय का तुला इथे?’’

‘‘देवाचं ठाऊक नाही. मी तर बघतोय ना.’’

सर ताडकन उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. एवढ्या पोरांसमोर असं कुणी त्यांना ‘नाही’ म्हटलं नव्हतं. रागाच्या भरात त्यांनी पुढ्यातल्या पाण्याच्या बादलीला लाथ मारली. बादली गडगडत गेली, आणि पांढऱ्या बुटाचं टोक जीवरामच्या गुडघ्याखाली बसलं. जोरात बसलं. खट् असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सरांचा उजवा हात किंचित खाली आला. जीवरामने ते पाहिलं, प्रकाशचंदने पाहिलं. गिरणीच्या टीमच्या, मुंबईच्या, शुद्ध बोलण्याच्या खालून तो हात आपोआप आला होता. मग तो मध्येच थांबला आणि पँटच्या खिशात गेला.

‘‘सांगितलं तसं करायचं नसेल तर बाहेर बस,’’ सर दुसरीकडे बघत म्हणाले.

‘‘बसवा,’’ जीवराम म्हणाला.

आवाज त्याने चढवला नाही. पाचचा आकडा आत्ता पाठीवरून उतरणार, त्याला वाटलं, आणि उतरला तर उतरू दे.

मागून प्रकाशचंद म्हणाला, ‘‘हा बसला तर गोलात दुसरा कुणी बघा, सर. मला घरचं दुकान आहेच.’’

लोटनने पुढे केलेला हात गुपचूप मागे घेतला. एकेक करत सगळी पोरं जीवरामकडे बघायला लागली, सरांकडे कुणी बघेना. तेवढ्यात रेफरीची शिट्टी वाजली. जीवराम उठला आणि लंगडत मैदानात गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

त्या दुसऱ्या हाफमध्ये जीवराम जसा खेळला तसा त्या ढालीच्या सबंध हंगामात कुणी खेळलं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. हेमकांतला त्याने श्वास घेऊ दिला नाही. तो उजवीकडे गेला की हा उजवीकडे, तो मागे फिरला की हा मागे. लाथा दोघांनीही खाल्ल्या. मध्ये एका कॉर्नरला लोटनने डोकं लावलं आणि बरोबरी झाली. गर्दीचा आवाज बसला. मग शेवटची दोन मिनिटं राहिली असताना हेमकांत एकटा सुटला. समोर फक्त जीवराम, आणि त्याच्या मागे गोलात प्रकाशचंद.

पाय भिडले. बॉल हातभर बाजूला पडला. हेमकांत थांबला, त्याच्या त्या खोडीने, आणि जीवरामच्या कंबरेकडे बघायला लागला.

‘‘पाया पड! पाया पड!’’ गर्दी ओरडत होती.

‘‘वाक, जीवराम! वाक!’’ कडेवरून सर ओरडत होते.

दोन्हीकडून एकच हाक. जीवरामला त्याही क्षणी हसू आलं. सगळ्या धुळ्याला आणि आपल्या सरांना आज त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तो ताठ उभा राहिला, सरांचा बूट लागलेला पाय पुढे केला आणि बॉल रेषेबाहेर भिरकावला. सरांनी दोन्ही हात डोक्याला लावले. वाकल्यासारखं केलं असतं तर हेमकांत नक्कीच फसला असता, बॉल जीवरामच्या पायात आला असता आणि पुढे मोकळं रान होतं. हे सरांना दिसत होतं. जीवरामलाही दिसत होतं.

मॅच बरोबरीत सुटली. पेनल्टी किक झाल्या, आणि त्यात देवपूरने एका किकने ढाल जिंकली. प्रकाशचंदने उडी मारली उजवीकडे, बॉल गेला डावीकडे.

देवपूरच्या पोरांनी हेमकांतला खांद्यावर घेतलं. फटाक्यांची माळ लागली. चोपड्याची पोरं जिथे होती तिथे बसली. लोटन रडत होता. आणि जीवराम उठला, जर्सी खाली ओढून नीट केली आणि देवपूरच्या घोळक्याकडे चालायला लागला. डावा पाय नीट टेकत नव्हता. प्रकाशचंदने डोळे पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याच्या मागे गेला.

पायाला हात, हात छातीला, पुढचा. गर्दीला आधी कळेना, मग एकदम हशा फुटला. ‘‘हरल्यावर पाया पडतोय रे!’’ जीवरामने मान वर केली नाही. त्याला घाई नव्हती. एकेका पोरापुढे तो वाकत गेला आणि शेवटी हेमकांतपुढे आला. पोरांनी त्याला खाली उतरवलं होतं. त्याने झटकन पाय मागे घेतला.

‘‘हरलास म्हणून करतोस?’’

‘‘हरलो म्हणून नाही. लाथ लागली म्हणून. जिंकलो असतो तरी केला असता.’’

मागून कुणीतरी पुन्हा ‘‘पाया पड!’’ म्हणून ओरडलं. हेमकांत गर्रकन वळला. ‘‘चूप बस ना रे!’’ तो असा खेकसला की फटाके लावणाराही थांबला. मग त्याने मागे घेतलेला पाय पुन्हा पुढे आणून ठेवला. या वेळी त्यात युक्ती नव्हती. जीवरामने हात लावला, छातीला नेला.

फेरी संपली. जीवराम परत आला. पोरं सामान भरत होती. बोरसे सर बाजूला, बादली हातात घेऊन एकटेच उभे होते. त्यांना कुणाशी बोलायचं नव्हतं हे लांबूनही कळत होतं. एका खोट्या नमस्काराने ढाल चोपड्याला आली असती, हेच त्यांच्या डोक्यात फिरत असणार. जीवराम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने मोजा खाली सारला. गुडघ्याखाली निळं-काळं टेंगूळ आलं होतं.

‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘तुमचं राहिलं.’’

पोरांचे हात पिशव्यांवरच थांबले. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला असं म्हणावं, हे कुठल्या पोथीत बसत नाही. सर काय करतील याची सगळ्यांना धास्ती वाटली. पुढच्या वर्षीची टीम, जर्सी, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं, आणि जीवराम ते म्हणून ताठ उभा होता. त्याने माफी मागितली नाही, डोळेही खाली घेतले नाहीत.

सरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या टेंगळाकडे. मग त्यांनी बादली खाली ठेवली. उंच माणूस, वाकायला वेळ लागला. टेंगळाला त्यांनी हलकेच हात लावला, तो हात छातीला नेला आणि तिथेच क्षणभर ठेवला.

उठताना त्यांनी जीवरामच्याच खांद्याचा आधार घेतला. मग ते जी बोली बोलले ती टीममधल्या एकाही पोराने त्यांच्या तोंडून आजवर ऐकली नव्हती.

‘‘जोरमा लागना रे भो,’’ सर म्हणाले. ‘‘चाल. गाडी लागनी व्हई.’’